पूर्वेस कोकण रेल्वे

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. पाऊस त्या वर्षी मेमध्येच येऊन बसला होता, गावाहून फोन आला की आधी पावसाचंच रडगाणं, आंबे काळे पडले, फणस झाडावरच कुजले, लाकडं आत घ्यायची राहिली. अशातच एका संध्याकाळी ऑफिसातून येताना मोबाइलवर बातमी दिसली की कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारनेही संमती दिली. गोवा, कर्नाटक, केरळ आधीच हो म्हणून बसले होते, अडलं होतं ते आपल्यापाशी. मी ती बातमी उचलून आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, वर लिहिलं 'फायनली!!' आणि पुढे तीन इंजिनं. पुण्याच्या चुलतभावाने अंगठा दाखवला, बडोद्याच्या आत्याने नमस्कार केला (ती सगळ्याला नमस्कारच करते, वाढदिवसालाही आणि बारसं असलं तरीही), एकाने लिहिलं 'आता डबल ट्रॅक पक्का'. साडेदहाला झोपायच्या आधी बघतो तर बापूकाकाचा एक फोटो आलेला. बापूकाका ग्रुपवर स्वतःहून काही टाकत नाही, सकाळी स्वामींचं चित्र सोडलं तर त्याचा मोबाइल फक्त ऐकण्यासाठी आहे. फोटोत एक कागद. चार घड्या पडलेला, पिवळा, एका कोपऱ्याला कसर लागलेली, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि खाली काकाचा अंगठा. अंधुक अंधुक वाचता येत होतं. भूसंपादन, गावाचं नाव, गट नंबर, आणि पुढे गुंठे.

खाली एक शब्द नाही.

त्या फोटोनंतर ग्रुप जो गप्प झाला तो दुसऱ्या दिवशी स्वामींचं चित्र येईपर्यंत गप्पच होता. निळ्या टिका सगळ्यांच्या दिसत होत्या. कोणालाच कळेना काय बोलावं, आणि मला तर माझं ते 'फायनली!!' एकदम फुकटं वाटायला लागलं, म्हणजे दोन उद्गारचिन्हं कशाची, आपण काय केलंय या रेल्वेसाठी, आपण फक्त खिडकीत बसलो. जमीन गेली ती आजोबांच्या नावावरची, आणि आजोबांनंतर तिचं उरलेलं अर्धं वाहिलं ते काकाने. बाबा मुंबईत, मग मी मुंबईत. फोन करून विचारावं असं दोन-तीनदा मनात आलं आणि दरवेळी वाटलं की विचारायचं तरी काय, काका तुला वाईट वाटलं का? आमच्याकडे असं कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर समोरचा म्हणतो, जेवलास काय?

तर त्या कागदाने मला महिनाभर छळलं, आणि छळता छळता बरंच जुनं उकरून काढलं.

मोजणीवाले आले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. मे महिन्याची सुट्टी, अंगणात सुकत घातलेली आमसुलं, आणि कुंपणाच्या पलीकडून पाच-सहा परके लोक साखळी ओढत येतायत हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं आहे. त्यांच्याकडे तीन पायांचं यंत्र होतं, त्यातून बघू दिलं तर जग उलटं दिसतं असं आम्हा पोरांत ठरलं होतं, पण बघू कोणी दिलं नाही. त्यांनी चुन्याच्या खुणा केल्या, खुंट्या ठोकल्या आणि मग एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन झाडं मोजत सुटला. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर नंबर. आजीने त्यांना कोकमाचं सरबत दिलं, ते पितायत तोवर शेजारीण विचारायला आली की झाडांना काय केलंन, तर आजी म्हणाली, "नंबर घातल्यानी. आता ती शाळेत गेली." त्यातला एक कापा फणस होता, पडवीतून दिसायचा, त्याला चौदा नंबर मिळाला. पुढे दोन हंगाम तो उभा होता आणि दोन्ही वर्षं मजबूत धरला, आणि घरात सगळे त्याला चौदा नंबरच म्हणायला लागले, चौदा नंबरवर पिकलाय बघ, चौदा नंबरचे गरे काढून ठेवलेत. मग एका वर्षी आम्ही मे महिन्यात गेलो तर पडवीतून थेट आकाश दिसत होतं. त्याच्या फळीचा पाट अजून देवघरात आहे, त्यावर गणपती बसतो. नंबर अर्थात दिसत नाही, सालीबरोबर गेला.

त्यानंतरचं आठवतं ते बहुतेक आवाजाने आठवतं. दुपारी सुरुंग लागायचे. आधी शिट्टी, मग माणसं ओरडायची, कोंबड्या आपापल्या चुलीमागे, मग पोटात ढुम्म होणारा आवाज आणि त्यानंतर जांभ्याची लाल धूळ, जी इतकी बारीक की ताकावर साय धरल्यासारखी बसायची. कातळ फोडून केलेली ती खोल चर बघायला आम्ही जायचो, दोन्ही बाजूंना ताजा कापलेला जांभा, ओला, चिऱ्यांच्या खाणीत असतो तसा पण मैलभर लांब. आजोबा काठावर उभे राहून बघायचे. ते गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले, आयुष्यभर परळला राहिले आणि मध्य रेल्वेला मरेपर्यंत जीआयपी म्हणाले. ती कंपनी जाऊन ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, त्या दिवसांत ते स्वतः परळलाच होते, पण त्यांच्या तोंडात जीआयपी बसलेली आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षं ती काही हलली नाही. मी हसायचो. आता माझा मुलगा मला हसतो, कारण मी अजून व्हीटी म्हणतो.

रेल्वे येणार येणार हे त्यांनी निवडणुकांमागून निवडणुका ऐकलेलं. आमचे खासदार नाथ पै बोलले, मग खासदार मधु दंडवते बोलत राहिले, त्याआधी अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेच्या मागणीत हयात घालवली. दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटा, आपट्याहून रोहा असं करत रूळ मुंगीच्या पावलाने खाली सरकत होता आणि रोह्याला येऊन थकल्यासारखा बसला होता. मग १९८९ च्या शेवटी दिल्लीत असं सरकार आलं की ज्यात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री, म्हणजे मागणारा आणि देणारा दोघंही आपलेच. रेल्वेकडे एवढे पैसे नाहीत ना, मग वेगळी कंपनी काढा, रोखे विका. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ निघालं, त्याचे प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले, आणि ५१ टक्के केंद्र, २२ महाराष्ट्र, १५ कर्नाटक, गोवा आणि केरळ सहा-सहा अशी वाटणी ठरली. आजोबांना हे टक्के तोंडपाठ होते. देवळात बसून सांगायचे, आणि एक म्हातारा त्यांना दरवेळी विचारायचा, "ह्यात आपले किती?" म्हणजे गावाचे. आजोबा म्हणायचे महाराष्ट्राच्या बावीसमध्ये आपण आलो. त्या म्हाताऱ्याचं समाधान व्हायचं नाही. बावीसमध्ये विदर्भ पण आलो मा, म्हणायचा.

पहिली गाडी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही मुंबईत होतो, पण ग्रामदेवतेला आधी गाऱ्हाणं घातलं होतं ते काकाने इतक्यांदा सांगितलंय की मला वाटतं मी तिथे होतोच. बा देवा म्हाराजा, ही जी काय आगीनगाडी येतली हा, तिच्या वाटेत काय वाकडानाकडा असात ता दूर कर, लेकराबाळांका, गोरावासरांका इजा करू नको, चाकरमान्यांका सुखरूप हाड आणि सुखरूप ने रे म्हाराजा. आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा. जमिनीबद्दल त्या गाऱ्हाण्यात काही नव्हतं. जमीन देऊन झाली होती, तिचं देवाला काय सांगायचं.

मग २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग मंगळूरपर्यंत मोकळा झाला, आणि त्यानंतरचं तुम्हाला माहितीये. रात्री ठाण्याला बसायचं आणि सकाळी डोळे उघडले की खिडकीत हिरवा रंग. एसटीत चौदा-सोळा तास ओकत गेलेल्या माणसाला (मी) हे काय वाटलं ते सांगता येत नाही. बोगद्यात शिरलं की डब्यात होणारा तो दमट अंधार, जुन्या विहिरीत वाकून बघितल्यासारखा वास, आणि बाहेर पडताना कानात होणारा फट्ट आवाज. स्टेशनांची नावं 'रोड' लावून आली, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, म्हणजे गाव इथे नाही हो, गावाला जायचा रस्ता इथून आहे, असं प्रामाणिकपणे पाटीवरच लिहिलेलं. आणि काकूचं घड्याळ बदललं. मांडवी एक्सप्रेस गेली की भात उतरायचा, शेवटची मालगाडी गेली की दाराला आडणा. पावसाळी वेळापत्रक लागलं की चार दिवस घरात जेवणाची बोंब, कारण काकू जुन्या वेळेने वाट बघत बसायची. २०२२ ला वरून तारा आल्या तेव्हा तिला गाडी कळेनाच, डिझेलच्या इंजिनाची घरघर दोन डोंगर अलीकडून यायची, ही नवी येते आणि जाते. संध्याकाळी ओल्या हवेत डिझेलचा तो काळपट गोड वास रेंगाळायचा, तोही गेला. मला तो आवडायचा हे मला तो गेल्यावर कळलं.

असो, विलीनीकरणाकडे येतो.

तो फोटो आल्यानंतर मला वेड लागल्यासारखं झालं, मी त्या बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचत सुटलो. मला बघायचं होतं की काकासारखं आणखी कोणाला वाटतंय का. आणि गंमत म्हणजे, रागावलेले लोकसुद्धा विलीनीकरणाच्या विरोधात नव्हते. सगळ्यांना ते हवं होतं. दुसरा रूळ पाहिजे होता, कारण रोहा ते वीर सुमारे ४७ किलोमीटर सोडले तर बाकी सगळीकडे एकेरी, समोरून गाडी आली की आपली बाजूला उभी. सावंतवाडी टर्मिनस पाहिजे होतं, ज्याचं भूमिपूजन २०१५ मध्येच झालंय. दिव्याला आणून सोडलेली रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरला पाहिजे होती, आणि हे मागणारा माणूस कुठल्याही बातमीखाली हेच मागतो, विमानाच्या बातमीखालीही त्याला मी हे मागताना बघितलंय आणि तो बरोबर आहे. लांबच्या गाड्या आमच्या दारातून जातात आणि आमच्याकडे बघत नाहीत, हे तर होतंच. एकाने लिहिलं होतं, हे लोक काश्मीरमध्ये चिनाबवर ३५९ मीटर उंच पूल बांधतात आणि त्यांना इथे सपाटीवर दुसरा रूळ टाकायला पैसे मिळत नाहीत. सपाटी कुठली म्हणा. पण म्हणणं खरं होतं, आणि त्याच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा फुशारकीच जास्त होती, म्हणजे तो पूल आमच्या रेल्वेने बांधलाय बरं का, अशी. जूनमध्ये त्या पुलाचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर पण ते फोटो फिरले आणि आत्याने नमस्कार केला.

पण हे सगळं मागून झालं की प्रत्येकजण शेवटी एक ओळ टाकायचा. नाव जाता कामा नये. कोकण रेल्वे हे नाव राहिलंच पाहिजे. ही अट सरकारनेही घातलीये, नाव तसंच ठेवा आणि महाराष्ट्राने घातलेले चारशे कोटींच्या आसपासचे पैसे परत द्या. पैशांबद्दल कोणी फारसं बोलत नव्हतं. एकानेच विचारलं होतं की सरकारला भांडवल परत मिळणार तर ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना काय परत मिळणार, त्याला खाली दोघांनी समजावून सांगितलं होतं की बाबा मोबदला वेगळा आणि शेअर वेगळा, आणि त्याने 'माहीत आहे' एवढंच लिहून विषय सोडला होता. ते 'माहीत आहे' मला काकाच्या फोटोसारखं वाटलं. नाव मात्र सगळ्यांना हवं. ज्यांना गर्दीचा राग, उशिराचा राग, भाड्याचा राग, त्यांनाही नाव हवं. मध्य रेल्वेच्या खात्यात नुसता एक विभाग म्हणून जमा करू नका, वेगळा झोन करा, पाटी कोकणचीच ठेवा. मी विचार करत बसलो की रुळाला काय फरक पडतो, रूळ काय वाचतो का पाटी. आणि मग आजोबांची जीआयपी आठवली, आणि माझी व्हीटी.

ऑफिसात माझ्या शेजारी सोलापूरचा एकजण बसतो, त्याला हे सगळं सांगितलं तर तो डबा खाता खाता म्हणाला, आमचं तर दोनदा झालंय. १९६६ साली सोलापूर उचलून दक्षिण मध्य रेल्वेत टाकलं, हेडक्वार्टर सिकंदराबादला, आणि अकरा वर्षांनी १९७७ मध्ये परत आणून मध्य रेल्वेत ठेवलं. मी म्हटलं मग लोकांना काय वाटलं? तो म्हणाला, लोकांना काय वाटायचं, त्याचे आजोबा रेल्वेत होते, त्यांनी गणवेशाची बटणं तेवढी जपून ठेवली होती, म्हणजे परत लागली तर. मला हा माणूस एकदम ज्ञानी वाटायला लागला. मग त्याने विचारलं, पण तुमची कंपनी वेगळी काढली होती ना, मग मोडताय कशाला? आणि मला ते रेल्वेच्या भाषेत सांगताच येईना, मी सांगितलं ते घराच्या भाषेत.

आमचं गावचं घर सामायिक आहे. सातबारावर नावं सतरा. छपराची कौलं दरवर्षी चाळायला लागतात, ती आजवर काका स्वतःच्या खर्चाने चाळत आला. पण वासे बदलायचे निघाले, म्हणजे खर्च लाखात गेला, की सगळे हिस्सेदार एकदम गायब. आत्या म्हणते माझं काय हो, मी दिलेली मुलगी. पुण्याचा म्हणतो आधी वाटणी करू मग खर्च करू. कोणी नाही म्हणत नाही, सगळ्यांना घर पाहिजे, गणपतीला सगळ्यांना त्याच छपराखाली यायचंय, पण वासे कोणी बदलायचे? पाच हिस्सेदारांच्या महामंडळाचं असंच. चालवायचा खर्च जेमतेम निघतो, दुपदरीकरणाला हजारो कोटी लागतात, ते कंपनीच्या कमाईतून उभे राहत नाहीत, राज्यं आपला हिस्सा घालायला उत्सुक नाहीत, आणि रेल्वेच्या बजेटमधून थेट मागावं तर तुम्ही वेगळ्या चुलीचे. म्हणून एकत्र व्हायचं. सोलापूरवाला म्हणाला, म्हणजे रेल्वेच्या भावकीने एकत्र व्हायचं ठरवलं, आणि तुमच्या भावकीने? मी म्हटलं आमचं वाटणीपत्र चाललंय. तो इतका हसला की त्याच्या चटणीचा ठसका मला लागला.

ते खरंच चाललं होतं. बाबा गेल्यापासून काका मागे लागला होता की माझे हातपाय चालतायत तोवर करून घेऊ, मागाहून तुम्ही पोरं कोर्टात भेटाल.

गणपतीला गेलो. २७ ऑगस्टला चतुर्थी होती, आदल्या दिवशी सकाळी उतरलो. स्टेशनवर नेहमीचीच जत्रा, खोकी, पाट्या, डोक्यावर माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान मुंबईहून आणणारे शहाणे (दादरच्या बाजारातून कोकणात नारळ आणतात, शपथ), आणि पाऊस. पाटीवर नाव होतं तेच. मी उगाच त्या पाटीचा फोटो काढला, आणि बघतो तर माझ्याबरोबर आणखी दोन-तीनजण काढत होते, एकमेकांकडे न बघता. वाटेत वाडीतला एक मुलगा भेटला, मुलगा म्हणजे आता पंचेचाळिशीचा, त्याच्या घरची जमीन रुळाखाली गेली म्हणून प्रकल्पग्रस्त म्हणून लागला आणि ट्रॅकवर आहे. रात्रपाळी करून परतत होता, अंगात रेनकोट, हातात बॅटरी, पायातले बूट इतके भिजलेले की चालताना बोलत होते. पावसाळ्यात ही माणसं रात्रभर रूळ चालतात. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड आली आणि गाडी तिच्यावर गेली, पन्नासहून जास्त माणसं गेली, पुढच्याच वर्षी करंजाडीला पुलावरून डबे खाली गेले, त्यानंतर पावसात गाड्या हळू झाल्या आणि कातळांना जाळ्या लागल्या. तो त्या वैभववाडीच्या रात्रीबद्दल कधी बोलत नाही, पण ड्युटीवर गेला की परत येईपर्यंत त्याची आई झोपत नाही हे सगळ्या वाडीला माहितीये. मी त्याला विचारलं विलीनीकरणाचं काय म्हणतोस. म्हणाला, "पाऊस थंयसरच पडतलो, दरड थंयसरच येतली. शिक्को खयचो का असाना." मग थोडं थांबून म्हणाला, आता बदली झाली तर रत्नागिरी नायतर कारवार, उद्या भुसावळाक धाडल्यानी तर म्हाताऱ्येक खय ठेवू? आणि पोराचं काय, आमच्या पोरांचा नंबर लागणार का आता, की सगळ्या देशाबरोबर परीक्षेला बसायचं? मला उत्तर माहीत नव्हतं. त्यालाही ते माहीत होतं. गणपतीच्या शुभेच्छा देऊन गेला.

काका पडवीत बसला होता. समोर कागदांचा गठ्ठा, चष्मा कपाळावर, बाजूला पानाचा डबा. देवघरात चौदा नंबरचा पाट धुवून ठेवलेला, अजून ओला. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, आणि शेवटी धीर करून म्हटलं, काका, मे महिन्यात तू तो फोटो टाकलास ना ग्रुपवर, भूसंपादनाचा, मला तेव्हापासून जरा... मला पुढे काय म्हणायचं होतं ते मी ट्रेनमध्ये घोकून ठेवलं होतं, आजोबा, चर, चौदा नंबर, आपण सगळे खिडकीत बसलो आणि तू मात्र, वगैरे. काकाने चष्मा खाली घेतला.

"तो? तो चुकान गेलो रे. माका तुका एकट्याक धाडूचो होतो. ग्रुपार गेलो, मगे काढूक जमला नाय."

मी म्हटलं, मग मला कशाला पाठवायचा होता?

तर म्हणाला, तूच बातमी टाकलीस ना, म्हणून. वाटणीपत्रात प्रत्येक तुकड्याच्या चतुःसीमा लिहायच्या आहेत. त्या कागदावरून गट नंबर आणि गेलेले गुंठे धरून उरलेलं क्षेत्र काढायचं, ते त्याने केव्हाच काढलं होतं. प्रश्न वेगळाच होता. वरच्या तुकड्याच्या पूर्वेला रूळ. जुन्या सगळ्या कागदांत पूर्वेस कोकण रेल्वे असं लिहिलंय. वकील म्हणतो नावात चूक नको, उद्या मोजणीला लगतदाराला नोटीस काढायची तर ती कोणाच्या नावाने काढणार? आणि तू तर म्हणतोस कंपनीच राहत नाही. "मगे पूर्वेक काय लिवचा, ता इचारूचा होता. तीन महिने थांबलंय मी तुझ्यासाठी."

तीन महिने. आणि मी तिकडे अपराधी.

मी त्याला सगळं सांगितलं, संमती म्हणजे काय, प्रक्रिया म्हणजे काय, कागदोपत्री कधी होईल ते आपल्या हातात नाही, नाव बहुतेक तेच राहील अशी अट आहे. तो नीट ऐकत होता, ऐकता ऐकता सुपारी कातरत होता. काकू आतून म्हणाली आधी मखराचं बघा, तर तिला हात केला. मागे मांडवी गेली. मी लॅपटॉप उघडून वकिलाचा मसुदा काढला आणि कर्सर त्या ओळीवर नेऊन ठेवला, आणि म्हटलं, मग कोकण रेल्वे लिहू की भारतीय रेल्वे? काकाने सुपारीची खांडं तोंडात टाकली, रुळाच्या बाजूला बघितलं, पावसात काही दिसत नव्हतं.

"नुसता रेल्वे लिव," म्हणाला. "मगे ती कोणाची जाली तरी चलात."

मी लिहिलं. पूर्वेस रेल्वे. ती ओळ फारच छोटी दिसायला लागली म्हणून मी उगाच एक स्पेस दिली आणि परत काढली. पश्चिमेस व्हाळ. उत्तरेस पाणंद. काका बोटावर मोजत होता.

"दक्षिणेस?" मी विचारलं.

"दक्षिणेक तुझ्या बापाशीचो हिस्सो होतो," काका म्हणाला, "आता तुझो. तुझा नाव लिव."